छापण्यास हरकत नाही

"हे पान तुम्ही वाचलेलंच नाही, फादर. नुसता शिक्का हाणलाय."

प्रूफवाचकाने एकेचाळीस नंबरचं पान टेबलावर ठेवलं आणि त्यावर तळहात दाबून धरला. पंखा बंद होता. पान उडून जाण्याची भीती पंख्याची नव्हती, समोरच्या माणसाची होती.

परीक्षक फादरांनी पेनाला टोपण लावलं. वय पंचेचाळीसच्या आसपास, नखं स्वच्छ कापलेली, आवाज कायम खालच्या पट्टीतला. त्या आवाजात त्यांनी आजवर अनेकांना घरी बसवलं होतं.

"सकाळी सकाळी तापलात, काका. बसा तरी."

"उभाच बरा आहे."

नववीच्या धर्मशिक्षणाचं पुस्तक होतं. शहाण्णव पानं. प्रत्येक पान परीक्षक फादरांनी वाचायचं आणि त्यात श्रद्धेच्या विरुद्ध काही नसेल तर तळाशी गोल जांभळा शिक्का मारायचा: 'छापण्यास हरकत नाही.' वर्तुळात आडवी सही. एकदा शिक्का बसला की पानातला एकही शब्द बदलायचा नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, एवढ्यालाच हात लावायची मुभा. हा नियम बिशपांनी काढला अशी छापखान्यात सगळ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात तो अर्ज करून मागून घेतला होता प्रूफवाचकानेच, अठरा वर्षांपूर्वी. तेव्हाचे फादर शिक्क्यानंतरही पानापानांत स्वतःची वाक्यं घुसडायचे आणि चुका निघाल्या की बोट याच्याकडे दाखवायचे. नियम झाला तेव्हा त्याने घरी गोड आणलं होतं. आता तोच नियम त्याच्या गळ्याशी आला होता.

"तळहात काढलात तर दिसेल मला," फादर म्हणाले.

त्याने हात काढला.

पानाच्या शेवटच्या परिच्छेदात छापील अक्षरांत होतं: 'विश्वाला सुरुवात होती, हे विज्ञानाने आता निर्विवादपणे सिद्ध केले आहे. ज्याला सुरुवात असते त्याला निर्माता असतोच. म्हणजेच परमेश्वराचे अस्तित्व विज्ञानानेच सिद्ध केले आहे.' आणि शेजारी समासात, पेन्सिलीने, बारीक उभ्या अक्षरांत: 'कुणी सिद्ध केलं? कधी? उद्या सुरुवात नव्हती असं निघालं, तर या मुलांनी देव सोडून द्यायचा का?'

जांभळ्या शिक्क्याचं वर्तुळ या ओळींवर अर्धं चढून बसलं होतं. 'हरकत नाही' ही अक्षरं नेमकी 'देव सोडून द्यायचा का' यावर.

"वाचलं असतंत तर माझं लिहिलेलं दिसलं असतं," प्रूफवाचक म्हणाला. "दिसलं असतं तर बोलावून झापलं असतंत. तुम्ही काहीच बोलला नाहीत. म्हणजे वाचलं नाही."

"समजा, नसेल वाचलं." फादरांनी पान स्वतःकडे ओढलं नाही, फक्त मान जरा वाकडी करून पाहिलं. "पण शंका वेगळ्या चिठ्ठीवर लिहायच्या असतात. समासात नाही. तुमच्याच खात्याची रीत आहे."

"तीन चिठ्ठ्या पाठवल्या. पहिली परतच आली नाही. दुसरीच्या पाठीवर कुणाचा तरी फोन नंबर लिहून आला. तिसरी पान सत्तरमध्ये खुणेला घातलेली सापडली. मग म्हटलं, पानावरच लिहावं. पानाला तरी पाय नाहीत."

फादर हसले. खरंच हसले, त्यांना विनोद कळायचा.

"पेन्सिलच आहे ना? खोडरबर घ्या."

"शाई पेन्सिलीवर बसलीय. रबर फिरवलं तर शिक्का फिस्कटेल. शिक्का खराब झालेलं पान बिशपांच्या पुस्तक समितीकडे जातं, सोबत कारण लेखी द्यावं लागतं. काय कारण लिहू? परीक्षकांनी डोळे मिटून शिक्का मारला म्हणून?"

खालच्या मजल्यावरच्या यंत्राची धडधड फरशीतून चपलांपर्यंत येत होती. फादरांनी शिक्क्याच्या पॅडचं पत्र्याचं झाकण उघडलं, बंद केलं.

"तुम्ही श्रद्धावान माणूस. रविवारच्या प्रार्थनेचा एक मिस्सा चुकवत नाही. वाक्य देवाच्या बाजूचं आहे, काका. त्याला आडवे का जाता?"

"देवाच्या बाजूचं असलं म्हणजे खोटं चालतं का?"

"खोटं कसं?"

"माझी मुलगी सांगते, विज्ञानाला हे अजून माहीत नाही."

"हां." फादरांनी झाकण घट्ट बसवलं. "मुलगी. बरी आहे ना?"

प्रूफवाचकाच्या लक्षात आलं, आपणच दार उघडून दिलं.

मुलगी आवारातल्याच शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. महिन्यापूर्वी नववीच्या एका मुलीने तिला वर्गात विचारलं होतं की विश्वाला सुरुवात होती हे सिद्ध झालंय ना. तिने सांगितलं होतं, नाही, अजून नाही. त्यावर एका पालकाची तक्रार आली होती. तक्रारीत लिहिलं होतं की शिक्षिका देव नाही असं शिकवतात.

"तिची दोन वर्षं भरतात या आठवड्यात," फादर म्हणाले. "कायम करायचं पत्र तयार आहे. शनिवारी द्यायचं ठरलंय. तक्रारीचं काय, मिटवायची म्हटलं तर मिटते." त्यांनी पान एका बोटाने त्याच्याकडे सरकवलं. "नवीन पान काढा. शब्द तेच, समास कोरा. मी शिक्का मारतो. हे जुनं मला आणून द्या. उद्या दहापर्यंत. समितीला न कळवता शिक्क्याचं पान बदलायचं म्हणजे नियम मोडतोय आपण, मान्य. पण दोघंच मोडतोय. तिसऱ्याला कळायचं काही कारण नाही."

"आणि नाही काढलं तर?"

"तुम्ही मुलीचे वडील आहात, काका. मी काय सांगू?"

त्याने पान उचललं. नमस्कार न करता तो बाहेर पडला, आणि जिना अर्धा उतरल्यावर नमस्कार राहिल्याचं त्याच्या ध्यानात आलं. त्याला स्वतःचाच राग आला, की अशा वेळीही आपल्याला हेच आठवतं.

आवाराला चारी बाजूंनी दगडी भिंत होती. भिंतीच्या आत चर्च, शाळा, छापखाना, दवाखाना, कर्मचाऱ्यांच्या खोल्या आणि चर्चच्या पाठीमागे दफनभूमी. प्रूफवाचकाचा बाप्तिस्मा इथला, शाळा इथली, दहावीनंतर सुटली तीही इथलीच. लग्न इथे लागलं. एकतीस वर्षं नोकरी इथे. त्याच्या आईवडिलांच्या कबरींशेजारी दोन जागा रिकाम्या होत्या आणि त्या कुणाच्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. माणूस इथून पेटीत घालून नेला तरी फाटकाबाहेर जात नाही. लोक याला आधार म्हणायचे. आधार तो होताच. भिंतही होती.

छापखान्यात मशीनवाला शाईचे हात बोळ्याने पुसत उभा होता. त्यानेच प्रूफवाचकाला कधीकाळी 'वेलांटी' असं नाव पाडलं होतं आणि आता बिशप सोडले तर सगळेच त्याला वेलांटीकाका म्हणत.

"काय ओ वेलांटीकाका, एकेचाळीसची प्लेट कधी देताय? पुढची पंधरा पानं नवरीसारखी नटून बसलीत, हे एक पान रुसलंय म्हणून."

"उद्या."

"उद्या? तीन आठवड्यांत पुस्तकं शाळेत पाहिजेत. काय अडलंय त्या पानात?"

"विश्वाला सुरुवात होती की नव्हती, ते."

मशीनवाल्याने बोळा खांद्यावर टाकला. "ते बघू सावकाश. घाई कुणाला आहे? माझ्या मशीनला सुरुवात कधी करायची तेवढं सांगा."

एरवी प्रूफवाचक हसला असता. तो आपल्या खोलीत गेला. खोली म्हणजे कागदाच्या गठ्ठ्यांमधून पत्र्याने तोडलेला एक कोपरा. खिडकी नव्हती, टेबलावर वाकवता येणारा दिवा होता. या दिव्याखाली त्याने जे आलं ते वाचलं होतं. प्रार्थनेची पुस्तकं, संतांची चरित्रं, शाळांची गणितं, दवाखान्याची पत्रकं, एका म्हाताऱ्या फादरने स्वतःच्या खर्चाने छापलेलं आकाशातल्या ताऱ्यांवरचं पुस्तक. कॉलेजात जे चार वर्षांत शिकवतात ते त्याने तीस वर्षांत, चुका काढत काढत शिकून घेतलं होतं. त्यामुळे त्याला कुणी विद्वान म्हणत नसे आणि फसवताही येत नसे.

कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाईंनी दहा मिनिटांत नवीन पान काढून दिलं. स्वच्छ. समास पांढराशुभ्र. त्याने सवयीने दिवा जवळ ओढला, लाल पेन घेतलं आणि वाचलं. शेवटून तिसऱ्या ओळीत एक अनुस्वार राहिला होता. तो त्याने दिला. खोट्या वाक्याचं शुद्धलेखन तपासून दिलं.

त्याला मुलगी आठवली, सहा वर्षांची. याच टेबलाखाली बसून ती बाद पानांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायची. एकदा तिने विचारलं होतं, 'बाबा, देवाच्या आधी कोण होतं?' आणि त्याने सांगितलं होतं, 'मला माहीत नाही, तू मोठी झालीस की शोध आणि मला सांग.' ती शोधायला गेली. शिष्यवृत्त्या मिळवून, वसतिगृहांत राहून, डोळ्यांचा नंबर वाढवून तिने शोधलं आणि परत येऊन, त्याच शाळेत, प्रामाणिकपणे सांगितलं की अजून सापडलेलं नाही. यात तिचा गुन्हा काय होता? तिने खोटं बोलायला हवं होतं का? आणि ते खोटं छापून देणारा हात तिच्या बापाचा असायला हवा होता का?

दोन्ही पानं त्याने एका जाड पाकिटात घातली. ठरवून टाकलं. मुलीचं पत्र शनिवारी यायला हवं. एका समासाची किंमत एवढी नाही. असं त्याने स्वतःला तीनदा सांगितलं, आणि एखादी गोष्ट स्वतःला तीनदा सांगावी लागते तेव्हा ती काय लायकीची असते हे त्याला चांगलं माहीत होतं.

घरी आला तेव्हा अजून उजेड होता. बायको दारात बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलगी आतल्या खोलीत वह्या तपासत होती, पण पान उलटत नव्हतं.

"अहो, हिला विचारा काय झालंय," बायको म्हणाली. "सोमवारपासून तोंडात मूग धरून बसलीय. मी विचारलं तर म्हणते डोकं दुखतंय. तीन दिवस डोकं दुखायला डोकं तरी तेवढं पाहिजे."

"आई, पुरे," आतून आवाज आला.

प्रूफवाचक आत जाऊन तिच्यासमोर स्टुलावर बसला. पाकीट मांडीवर ठेवलं.

"शनिवारी तुझं पत्र येणार आहे. कायम होशील."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत घातला.

"मला एकदा नीट सांग," तो म्हणाला. "त्या दिवशी वर्गात काय सांगितलंस?"

"किती वेळा सांगू, बाबा? दीर्घिका एकमेकींपासून लांब चालल्यात. म्हणजे पूर्वी जवळ होत्या. मागे मागे जात राहिलं की सगळं विश्व दाटीवाटीने कोंबलेलं, भयंकर तापलेलं दिसतं. इथवर पुरावा आहे, भरपूर आहे. त्याच्या मागे गेलं की आपलं गणितच बंद पडतं. काहीजण म्हणतात तिथेच सुरुवात. काहीजण म्हणतात त्याआधी दुसरं विश्व होतं, ते आकसलं आणि पुन्हा फुललं. कुणालाच माहीत नाही. एवढंच सांगितलं. देव नाही असं कुठे म्हटलं?"

"तू मानतेस ना पण?"

"तुम्हीही विचारायला लागलात?" तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "मानते. सुरुवात नसली तरी मानेन. आरशातलं रूप कधी सुरू झालं असं आपण विचारत नाही ना. समोर कुणी उभं आहे का, ते बघतो. तो समोरून हलला तर रूप गेलं. बस. सुरुवात होती की नव्हती ह्याच्याशी काय संबंध?"

एकतीस वर्षांत इतकं सरळ वाक्य त्याच्या टेबलावर आलं नव्हतं.

"हे सांगायचंस तिथे."

"कुठे? कुणाला?"

"दर रविवारी उभं राहून आपण काय म्हणतो? मी विश्वास ठेवतो. मला सिद्ध करून मिळालंय असं म्हणतं का कुणी? देवाला त्यांनी विज्ञानाच्या खुंटीला टांगलंय. खुंटी निघाली की..." तो थांबला. पाकिटात काय आहे हे आठवून थांबला. "जाऊ दे. मी मिटवलंय."

"काय मिटवलंत?"

"एक पान होतं. ते उद्या बदलून देतोय. तुला त्रास होणार नाही."

मुलीने हातातली वही मिटली. "एकेचाळीस?"

दारातून बायकोचा घड्या घालण्याचा आवाज थांबला.

"तुला कसं माहीत?"

"मी ते वाचून दाखवलं, बाबा. सोमवारी दुपारी. नववीच्या तिन्ही तुकड्या हॉलमध्ये बसवल्या होत्या. म्हटलं, मागे मी चुकीचं सांगितलं होतं, बरोबर हे आहे. आणि वाचलं."

"पुस्तक छापलेलं नाही अजून."

"झेरॉक्स होती. फादरांनी दिली, मुख्याध्यापिकांच्या खोलीत." ती खाली बघत बोलत होती. "समासात तुमचं लिहिलेलं होतं. तुमचं अक्षर मला कळणार नाही का? ते म्हणाले, मंजुरीच्या पानावर तुझ्या वडिलांनी हे लिहून ठेवलंय. समितीपुढे गेलं तर हे श्रद्धेच्या विरुद्ध धरतील. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, नोकरी जाईल, खोल्या सोडाव्या लागतील. तू वाचून दाखव, मी सांभाळून घेतो. तुमच्या वयाला आता कुठे जाणार होतात तुम्ही, बाबा? मी वाचलं. समासातलं सोडून."

"शिक्का होता त्यावर?"

"कशावर?"

"झेरॉक्सवर. खाली, गोल. नीट आठव."

तिने आठवलं. "नाही. शिक्का नव्हता."

प्रूफवाचक उठून उभा राहिला आणि परत बसला. शिक्का मारलेलं पान त्याच्या हातात मंगळवारी आलं होतं. सोमवारी ते कोरं होतं, बिनशिक्क्याचं, आणि सोमवारीच ते परीक्षक फादरांनी वाचलं होतं. समासासकट वाचलं होतं. वाचून यंत्राखाली घालून त्याची नक्कल काढली, ती घेऊन आवार ओलांडून शाळेत गेले, त्याच्या मुलीला दाखवली, परत आले आणि मग त्याच प्रश्नावर शिक्का मारला. आज सकाळी 'समजा, नसेल वाचलं' असं म्हणताना त्यांची मान जरासुद्धा अवघडली नव्हती.

"म्हणजे हिला तुमची भीती घातली आणि तुम्हाला हिची," बायको दारातून म्हणाली. "आणि मला कुणाची? मला विचारलंच नाही कुणी."

"मुलांनी काय केलं?" त्याने विचारलं.

"वहीत उतरवून घेतलं. परीक्षेला येणार आहे ना." मुलीने चष्मा पुन्हा काढला. "जिने मला विचारलं होतं, तिने नाही उतरवलं. पेनाचं टोपण लावून बसली. माझ्याकडे बघत होती. रागाने नाही हो, बाबा. कीव आल्यासारखी."

पलीकडच्या घरात कुणीतरी नळ सोडला होता, बादली भरत होती. भरून वाहायला लागली तरी बंद होईना.

"मी उद्या जातो आणि त्यांना..."

"नाही." तिने त्याच्या मांडीवरच्या पाकिटावर हात ठेवला, सकाळी त्याने ठेवला होता तसाच दाबून. "तुम्ही साफ पान द्या आणि गप घरी या. तुम्ही आता भांडलात तर मी जे वाचलं ते वाया गेलं. मग मी कशासाठी वाचलं, सांगा ना. नोकरी माझी जाईल, घर तुमचं जाईल, आणि खोटं बोलल्याचं माझ्या नावावर राहील ते वेगळं. द्या ते पान. माझ्यासाठी द्या."

ती तर त्याच्यासाठी आधीच देऊन बसली होती.

सकाळी दहाला पाच कमी असताना तो परीक्षक फादरांच्या दारात उभा राहिला. फादरांनी त्याच्या हातातलं पाकीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. शिक्क्याच्या पॅडचं झाकण त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं.

"या, काका. आणलंत ना? छान. खाली मशीन खोळंबलंय म्हणे."

त्याने नवीन पान टेबलावर ठेवलं. जुनं पान हातातच राहिलं.

फादरांनी शिक्का पॅडवर टेकवला, उचलला.

"सोमवारी वाचलं होतंत तुम्ही," प्रूफवाचक म्हणाला.

शिक्का पानापासून वीतभर वर थांबला. जांभळी शाई रबराच्या कडेला जमा होत होती.

"काल मी म्हटलं, तुम्ही वाचलं नाही. चुकलं माझं. माफी मागतो. मला वाटलं तुम्ही आळशी आहात."

फादरांनी शिक्का पॅडवर परत ठेवला. उठले, दार लावून घेतलं, खिडकीपाशी गेले. खिडकीतून समोर शाळेची पाठीमागची भिंत दिसायची, तिच्या वर थोडंसं आकाश. तिकडेच तोंड करून ते बोलले.

"सांगायला नको होतं तिने तुम्हाला."

"अक्षर माझं होतं. मुलगी माझी आहे. नको होतं म्हणजे काय?"

"तीन वेळा वाचलं मी ते, काका." आवाज खालच्याच पट्टीत होता, पण आज त्याला कुठेतरी भेग पडली होती. "चिठ्ठ्याही वाचल्या होत्या. इथे येण्याआधी मी सेमिनरीत, फादर होऊ घातलेल्या मुलांना शिकवायचो. तुम्ही जे लिहिलंय तेच शिकवायचो. सुरुवात होती हे श्रद्धेने मानायचं, तर्काने सिद्ध करायला जायचं नाही. आपल्याच एका संताने सातशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. अहो, ज्याने या महास्फोटाचं गणित मांडलं तो स्वतः फादर होता, आणि त्यालाही त्यावरून देव सिद्ध झाल्याचा डंका चर्चने पिटलेला नको होता. मला हे माहीत नाही असं वाटतं तुम्हाला?"

"मग?"

"मजकूर वरून आलाय."

"वरून म्हणजे?" प्रूफवाचकाने छताकडे पाहिलं. "तिथून तर नक्की नाही."

फादर हसायला गेले आणि जमलं नाही. "समितीला ठाम पुस्तक पाहिजे. पालकांना ठाम पुस्तक पाहिजे. मुलं कॉलेजात जाऊन श्रद्धा सोडतात म्हणे, म्हणून. 'माहीत नाही' असं छापलं तर मला विचारतील, फादर, तुमची स्वतःची श्रद्धा शाबूत आहे ना? मग पुढच्या वर्षी मी कुठे असेन? मलाही या भिंतीबाहेर घर नाही, काका. तुम्हाला निदान बायको-मुलगी आहे."

ते टेबलापाशी परत आले. शिक्का उचलला. हाताला शाई लागली, ती त्यांनी झग्याला पुसली आणि पुसल्यावर डागाकडे बघत राहिले.

"मारतो मी हा. तिचं पत्र शनिवारी तिच्या हातात पडेल, शब्द देतो. तुमचं जुनं पान द्या इकडे. हे सगळं विसरून जाऊ."

त्यांनी हात पुढे केला. प्रूफवाचकाने पान पुढे केलं. फादरांनी एक टोक धरलं. दुसरं त्याने सोडलं नाही. खालच्या मजल्यावर यंत्र बंदच होतं आणि ते बंद असलं की ही इमारत किती जुनी आहे ते ऐकू यायचं.

एकतीस वर्षांत तो या खोलीत कधी बसला नव्हता. पानाचं टोक न सोडता त्याने पायाने खुर्ची जवळ ओढली. खुर्ची फरशीवर करकरली. तो बसला, पाठ टेकून बसला.

"शिक्का मारा की नका मारू, फादर. तो हात तुमचा आहे. मुलीचं पत्र द्या की नका देऊ, तेही तुम्हीच ठरवा, तिला मी काय सांगायचं ते सांगेन. पण तीन चिठ्ठ्या आणि हा समास, चार वेळा विचारून झालंय. हे पाचव्यांदा. उद्या निघालं की सुरुवात नव्हती, तर ज्यांनी हे वहीत उतरवून घेतलंय, त्या मुलांनी काय करायचं? तुम्ही वाचलंय. तुम्हाला उत्तर येतंय. मी बसलोय इथे. सांगा."